शेवंतीचा नवतपा

जानेवारी सरत आला की नागपुरात घरोघरी आवारभिंतीशी शेवंतीच्या कुंड्या कलंडलेल्या दिसतात. फुलं वाळून तपकिरी झालेली, खालची पानं करपून काडीला लोंबणारी, माती कडेने सुटलेली. दिवाळीनंतर कौतुकाने आणलेली कुंडी दोन महिने फाटकाजवळ मिरवते, आणि फुलं संपली की झाडही संपलं असं समजून कचऱ्याच्या गाडीत जाते. त्या कुंडीतली माती टाकण्याआधी बोटाने दोन पेरं उकरून पाहावी. जुन्या काडीच्या बुडाशी पांढुरके, टोकाला हिरवट झालेले कोंब मातीतून आडवे सरकत असतात. या शेवंतीच्या काश्या. नर्सरीवाले यांनाच सकर म्हणतात. वरची काडी वाळते ती तिचं काम झालं म्हणून. पुढच्या वर्षीचं सगळं झाड खाली तयार होत असतं. ते फेकून देऊन नोव्हेंबरात पुन्हा नवी कुंडी विकत आणायची, हे मला दरवर्षी पाहवत नाही.

शेवंती टिकवायची कशी, यावर वाचायला मिळतं त्यातलं बहुतेक लेखन थंड मुलखातल्या माणसांचं आहे. त्यांचा शत्रू हिवाळा. कुंडीतली माती गोठली की मुळं फुटतात, म्हणून फुलं झाली की ते झाड छाटतात आणि कुंडी गॅरेजमध्ये किंवा तळघरात, गोठणबिंदूच्या जरा वरच्या गारव्यात ठेवतात. माती अगदी कोरडी पडू नये इतकंच पाणी, तेही दोन-तीन आठवड्यांनी एकदा. वसंतात शेवटचं हिमदव पडून गेलं की कुंडी हळूहळू बाहेर काढतात. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं आठ-दहा दिवसांत झाड उघड्यावर येतं.

नागपुरात हे जसंच्या तसं करायला गेलं तर झाड हमखास हातचं जातं. इथल्या थंडीचं शेवंतीला काही वाटत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण त्या रात्रीही कुंडीतली माती गोठली नसणार. उलट डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री काश्यांना जोम देतात. फुलं संपलेली कुंडी थंडी म्हणून घरात आणून ठेवली तर उजेडाअभावी त्या काश्या पिवळ्या, लांबट आणि लेच्यापेच्या निघतात. आपल्याकडे जपायचं ते उन्हाळ्यातून. त्यांचा जानेवारी म्हणजे आपला मे, आणि त्यांचा वसंत म्हणजे आपला मृग.

एवढं उलटं करूनही एक फरक उरतो, आणि सगळी मेख त्यातच आहे. थंड देशातलं झाड त्या महिन्यांत झोपलेलं असतं. पानं नाहीत, पाण्याची मागणी नाही, मुळं निपचित. नागपूरच्या उन्हाळ्यात शेवंती झोपत नाही. तिची पानं हिरवी असतात, त्यांतून पाणी उडत असतं, आणि पंचेचाळीस अंशांत ती जिवाच्या आकांताने जागी असते. झोपलेल्या झाडाला विसरून चालतं. जागं राहून सोसणाऱ्या झाडाकडे रोज सकाळी बघावंच लागतं.

कामाची सुरुवात फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. वाळलेल्या काड्या धारदार कात्रीने मातीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून छाटाव्यात. मातीलगत साफ कापायचा मोह होतो, पण तो टाळावा. बुडाजवळच्या डोळ्यांतूनही फुटवे येतात, आणि काश्या कमी असल्या तर तेच कामाला येतात. गळून पडलेली पानं एकूण एक वेचून काढावीत, कारण पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग त्या पाचोळ्यातच पावसाळ्यापर्यंत दबा धरून बसतो. वरची दोन बोटं माती मोकळी करून मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळावं आणि कुंडी उन्हातच राहू द्यावी. फेब्रुवारीचं ऊन तिला मानवतं. या दिवसांत विदर्भात गारपीट होते, तेवढी मात्र नजरेत असावी. आभाळ भरून आलं की कुंड्या सज्जाखाली सरकवाव्यात. कोवळ्या फुटव्याचा शेंडा गारेने मोडला की महिना मागे पडतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काश्यांना चार-पाच पानं आलेली असतात. तेव्हा कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढावा आणि काश्या सुट्या कराव्यात. प्रत्येकीला स्वतःची थोडी मुळं हवीत. मधली जुनी, लाकडासारखी झालेली काडी टाकून द्यावी, तिच्यात आता जीव नसतो. एका कुंडीतून आठ-दहा काश्या सहज मिळतात. सगळ्या जगवायची हौस धरू नये. उन्हाळ्यात दहा कुंड्यांना पाणी घालताना एकीकडे दुर्लक्ष होतंच, त्यापेक्षा चार नीट सांभाळलेल्या बऱ्या. प्रत्येक जातीच्या दोन ठेवल्या तरी पावसाळ्यात त्यांच्या शेंड्यांपासून हवी तेवढी रोपं होतात.

या काश्या १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे सहा इंची मातीच्या कुंडीत लावाव्यात. मोठी कुंडी घेतली तर मुळं पोचत नाहीत तिथली माती सतत ओली राहून आंबते. प्लॅस्टिकची कुंडी फेब्रुवारीपर्यंत ठीक असते. मे महिन्यात तिची उन्हाकडची बाजू इतकी तापते की त्या अंगाची मुळं भाजूनच निघतात. मातीच्या कुंडीचं अंग मात्र माठासारखं पाझरतं आणि त्या पाझराने आतली माती गार राहते. नागपूरची मे महिन्यातली दुपार अगदी कोरडी असल्यामुळे हा गारवा चांगला जाणवण्याइतका असतो. कुंडीला बाहेरून तैलरंग दिला की हा पाझर बंद होतो. म्हणून शेवंतीच्या कुंड्या रंगवू नयेत. गेरू चालतो.

मिश्रणात नागपूरची काळी माती जपून वापरावी. ती ओली असताना फुगते, सुकली की आकसून भेगाळते, आणि त्या भेगांत बारीक मुळं तटातट तुटतात. दोन भाग तांबूस किंवा गाळाची माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडी वाळू हे प्रमाण चांगलं. कन्हान नदीची जाडसर वाळू चाळून घेतली तर उत्तमच. काळी मातीच हाताशी असेल तर तिच्या बरोबरीने वाळू घालावी आणि तळाशी खापरीवर विटेच्या तुकड्यांचा दोन बोटं थर द्यावा.

मार्च-एप्रिलमध्ये एक गोष्ट नवख्या माणसाला गोंधळात टाकते. वीतभर वाढलेल्या काशीच्या टोकाला कळी दिसते. आनंद होतो, आणि त्या आनंदात ती कळी राखली जाते. कळी येण्याचं कारण दिवसाच्या लांबीत आहे. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की ती वाढ थांबवून कळी धरते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडांचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं, आणि शेवंती हे त्याचं खूप अभ्यासलेलं उदाहरण ठरलं. उत्तर युरोपात जूनचा दिवस निदान सोळा-सतरा तासांचा असतो, तिथे उन्हाळ्यात कळीचा प्रश्नच येत नाही. नागपूर २१ अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच, आणि मार्चमध्ये तर दिवस जेमतेम बारा तासांचा. लवकर फुलणाऱ्या जातींना एवढी रात्र पुरते. ही अवेळी कळी नीट उमलत नाही, कडक होऊन तशीच बसते. तिच्याखालची पानं बघितली तर अरुंद, पट्टीसारखी, कडेला कातरे नसलेली दिसतात. नुसती कळी खुडून भागत नाही. जिथे पानं पुन्हा नेहमीसारखी कातरलेली, रुंद आहेत तिथपर्यंत शेंडा मागे खुडावा. तिथून फुटणारा फुटवा सरळ वाढीला लागतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून कुंड्या हलवायच्या. जागा पूर्वेची. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन मिळावं आणि नंतर दिवसभर सावली. पश्चिमेची भिंत सर्वांत वाईट. ती दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत धग सोडत राहते, तिच्याशेजारी हिरवी जाळी लावून काही उपयोग होत नाही. गच्चीही नको. स्लॅबवर थेट ठेवलेली कुंडी खालून भाजते. गच्चीशिवाय सोयच नसेल तर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, विटांवर फळी टाकून तिच्यावर कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे खालून हवा खेळेल. जाळी ५० टक्के सावलीची असेल तर मे महिन्यात दुहेरी करावी आणि झाडाच्या किमान दोन हात वर बांधावी. पानांना टेकलेली जाळी स्वतः तापून पानं करपवते. गावाकडे तुराट्यांचा तट्टा मिळतो. जाळीपेक्षा मला तो जास्त आवडतो. त्यातून उजेड झिरपतो, वारा जातो, आणि संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडलं की खालची हवा बराच वेळ गार राहते. सगळ्यांत चांगली जागा अर्थात दाट सावलीच्या मोठ्या झाडाखालची, कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या. तिथे जमिनीत खड्डा करून कुंडी काठापर्यंत पुरून टाकावी. वीतभर खालची जमीन वरच्या हवेपेक्षा कितीतरी गार असते.

आवारात जमीन नसलेल्यांनी कुंडीत कुंडी करावी. २५ सेंटिमीटरची रिकामी मातीची कुंडी घ्यायची, तळाच्या भोकावर खापरी ठेवायची, तीन-चार बोटं जाडी वाळू घालायची, त्यावर सहा इंची कुंडी बसवायची आणि दोन्हींमधली फट वाळूने भरायची. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं ते मुख्यतः या वाळूला. आतल्या कुंडीत वरची पेरभर माती सुकली असेल तरच द्यायचं. उन्हाळ्यातल्या बहुतेक चुका इथे टळतात.

चुका होतात त्या पाण्याच्याच. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता शेवंतीची पानं लोळागोळा होऊन लटकतात. माणसाचा जीव कळवळतो आणि तो तांब्याभर पाणी ओततो. माती आधीच ओली असते. पानं लटकण्याचं कारण तहान नसतं. माती तापून चाळिशीच्या आसपास गेली की मुळं पाणी ओढायचं जवळजवळ थांबवतात, आणि पानांतून पाणी उडणं मात्र चालूच राहतं. अशा तापलेल्या, ओल्या मातीत आणखी पाणी पडलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. चार दिवसांनी झाड सकाळीही लटकलेलं दिसतं, आणि मग उपाय उरत नाही. म्हणून निदान नेहमी सकाळी सहाला करावं. रात्रीतून पानं ताठ झाली असतील तर झाड ठीक आहे, दुपारचं लटकणं विसरून जावं, हवं तर सावली वाढवावी. सकाळीही पानं खाली आणि माती कोरडी असेल तर पाणी हवं. सकाळीही पानं खाली आणि माती ओली असेल तर मुळं गेली. तेव्हा शेंडे हिरवे असतील तर तेवढे कापून वाळूत लावून बघणं एवढंच हातात राहतं.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारनंतर हात धरवत नाही इतकं कढत असतं. संध्याकाळी सहाला नळाला पाइप लावून तेच झाडांना देणारे लोक आहेत, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर चटका देतं. रात्री बादली किंवा जुना माठ भरून ठेवावा आणि ते निवलेलं पाणी पहाटे द्यावं. सहा इंची कुंडीला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी पुरतं. खालून दोन थेंब निघाले की थांबावं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांत ओतायची पद्धत घरोघरी आहे. ती शेवंतीला घातक आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रोज वाढत जातात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोच पुढे मातीवर बसतो आणि पानांच्या कडा वाळायला लागतात. बोअरचं जड पाणी वापरावं लागत असेल तर नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. तो लोहाचा तुटवडा. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घालून संध्याकाळी फवारावं.

उन्हाळ्यात खत अजिबात देऊ नये. मुळं पाणीच कसंबसं ओढत असताना खताचे क्षार त्यांना जाळतात. फक्त लाल कोळ्यावर लक्ष ठेवावं. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, पानामागे बारीक जाळं, पांढरा कागद खाली धरून पान झटकलं तर चालणारे लालसर कण. तीन-चार दिवसांआड पहाटे पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याची जोरदार फवारणी केली तर निम्मं काम होतं. तरीही वाढला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण फेसून सूर्यास्तानंतर फवारावं. गंधकाची फवारणी हिवाळ्यात भुरीसाठी चांगली, पण या उष्म्यात ती पानं जाळते.

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या नऊ दिवसांत काही नवं करायला जाऊ नये. कुंडी बदलणं, छाटणी, हलवाहलव, सगळं थांबवावं. झाड खुजं, धुळकट, केविलवाणं दिसेल. चार हिरवी पानं आणि एक जिवंत शेंडा एवढं शिल्लक असलं तरी ते पुरेसं आहे. पाणी, सावली आणि सकाळची नजर चुकवायची नाही.

मृगाचे पहिले शिंतोडे पडले की सगळ्यांना घाई होते. झाड उघड्यावर काढायची ती वेळ नव्हे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस पाऊस आणि चार दिवस तळपतं ऊन असा खेळ चालतो, आणि सावलीत कोवळी झालेली पानं त्या उन्हात एका दुपारीत पांढरी पडतात. पावसाने जम बसवला, दिवसाचं तापमान पस्तिशीखाली आलं, की मग सुरुवात. साधारण जूनचा शेवटचा आठवडा. आधी तीन दिवस सकाळचे दोन तास, पुढचे तीन दिवस अकरापर्यंत, मग आभाळ असेल त्या दिवशी दिवसभर. दहा-बारा दिवसांत झाड पूर्ण उन्हात येतं. थंड देशातले लोक वसंतात हेच करतात, फक्त त्यांना धास्ती हिमाची असते. आपल्याला दुहेरी, उन्हाची आणि पावसाची. कुंडीत कुंडी केली असेल तर ती आता मोडावी, ओली वाळू पावसाळ्यात मुळं कुजवते. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा द्याव्यात आणि तळाचं भोक काडीने मोकळं करावं. एका रात्रीत चार इंच पाऊस पडला तरी सकाळी कुंडीत पाणी साचलेलं दिसता कामा नये.

जुलैत या वाचलेल्या झाडांचे शेंडे घ्यावेत. पाच ते सात सेंटिमीटरचा, कळी नसलेला, नखाने कट्कन तुटणारा शेंडा. वाकूनही न तुटणारा असेल तर तो जून झाला. खालची पानं काढायची, बूड मुळं फुटण्याच्या पावडरीत टेकवायचं आणि धुतलेल्या वाळूत बोटाच्या पेराइतकं खोचायचं. सावलीत दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. मे सोसलेलं मूळ झाड लाकडी होतं, त्याला फुलं कमी येतात. शेंड्यांची रोपं ताजी आणि भरदार फुलतात. ऑगस्टमध्ये ती मोठ्या कुंडीत जातात. मग दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या ढेपेचं भिजवून पातळ केलेलं पाणी, वीतभर वाढल्यावर पहिली खुडणी, तीन-चार आठवड्यांनी दुसरी. सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटला की खुडणी बंद. मोठ्या फुलांच्या जातींना अशी पुन्हा पुन्हा खुडणी करत नाहीत. त्यांना बांबूची कामटी लावून एक किंवा तीन काड्या वाढवतात आणि टोकाची एक कळी ठेवून बाकीच्या काढतात.

सप्टेंबरनंतर कुंडी कुठे आहे हे रात्री बाहेर येऊन पाहावं. फाटकावरचा दिवा किंवा रस्त्यावरचा एलईडी तिच्यावर पडत असेल, तर त्या झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि ते नोव्हेंबरातही नुसतं पानांनी वाढत राहतं. कळी यायची थांबली की लोक खतं बदलत बसतात. कुंडी घराच्या मागे, रात्री अंधार असेल अशा जागी नेली की बहुतेक वेळा महिनाभरात कळ्या दिसतात.

एक काम मात्र छाटणीच्या आधीच, फुलं ओळखू येत असताना करावं. प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी खोचावी. नाव माहीत नसेल तर रंग, फुलाचा आकार आणि उमलल्याची तारीख लिहावी. स्केचपेनची अक्षरं नागपूरच्या उन्हात दोन महिन्यांत उडून जातात. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं दिवाळीपर्यंत वाचता येतं. पट्टी कुंडीच्या काठाशी आतल्या बाजूने, अर्धी मातीत जाईल अशी खोचावी. मे महिन्यात सगळ्या शेवंती सारख्याच दिसतात.